तार काय हलवते?

मागच्या मे महिन्यात पालम तालुक्यातला एक मुलगा वडिलांसोबत परभणीला माझ्याकडे आला. पाठीवर काळ्या पिशवीत गिटार. वडील छोटा टेम्पो चालवतात. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून त्यांनी पोराला साडेअकरा हजारांची ‘रेझोनेटर गिटार’ घेऊन दिली होती, आणि पोरानं आठ महिन्यांपासून तिला हात लावला नव्हता. पिशवीतून गिटार बाहेर आली. मधोमध जेवणाच्या ताटाएवढा चकचकीत पत्रा, त्याला जाळी, कडेनं स्क्रू. मी विचारलं, का रे वाजवत नाहीस? तो खाली बघत म्हणाला, “मह्या बोटातच काही नाही, सर. निस्तं खडखड करायलंय.”

मी तारा उतरवल्या, स्क्रू काढले, पत्रा उचलला. त्याखाली काहीही नव्हतं. पत्र्याच्या खाचेतून वर आलेली घोडी थेट पेटीच्या फळीवर चिकटवलेली होती. जाड प्लायवुडची साधी पेटी आणि तिच्यावर ठोकलेलं ताट, एवढाच तो ऐवज. खडखड येत होती ती त्या सैल ताटाची. ज्या भागामुळे गिटारला रेझोनेटर म्हणतात, तो भाग त्या गिटारीत बसवलेलाच नव्हता.

मी तीस वर्षं गिटार मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या कांडीनं वाजवतो आणि शिकवतो. या तीस वर्षांत मी जितकी मुलं संगीत सोडताना पाहिली, त्यातली बरीचशी वाद्यानं हाकलून लावलेली होती. खोटं वाद्य मुलाला रोज सांगतं की तुझ्यात काही नाही, आणि बारा वर्षांचं पोर ते खरं मानतं. पैशांची फसवणूक भरून निघते. ही निघत नाही. म्हणून मी हे चिडून लिहितो आहे आणि चिडूनच वाचावं अशी माझी इच्छा आहे.

स्वस्त वाद्याला माझा विरोध नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना स्वस्तच वाद्य परवडतं, आणि त्यात कमीपणा नाही. माझा विरोध खोट्या वाद्याला आहे. स्वस्त आणि खोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं भासवणाऱ्या सगळ्यांशी माझं भांडण आहे: पत्रा ठोकून विकणाऱ्याशी, आणि ‘महाग घ्या नाहीतर घेऊच नका’ असं सांगणाऱ्या जाणकारांशीही.

खरं-खोटं ओळखायला एकच प्रश्न पुरतो: तार काय हलवते?

तार एकटी फार थोडी हवा हलवते. ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. म्हणून तारेला मोठ्या पृष्ठभागाचं काहीतरी हलवायला द्यावं लागतं. तंबोऱ्यात ती घोडीतून तबली हलवते आणि खाली भोपळा असतो. साध्या गिटारीत ती पेटीची वरची पातळ फळी हलवते. रेझोनेटर गिटारीत ती ॲल्युमिनियमचा पातळ शंकू हलवते. गिटारवाले त्याला कोन म्हणतात. लाऊडस्पीकरच्या आत कागदाचा कोन असतो ना, त्याचाच हा धातूचा भाऊ. घोडी या कोनावर उभी असते, तारेचं सगळं कंपन त्याच्यात उतरतं, आणि वरचा चकचकीत पत्रा फक्त कोनाचं रक्षण करतो. पत्र्याचा आवाजाशी संबंध फार थोडा. म्हणजे जो भाग दिसतो तो वाजत नाही आणि जो वाजतो तो दिसत नाही. या वाद्यातली सगळी फसवणूक याच फटीतून आत शिरते.

परभणीच्या माणसाला हे तत्त्व परकं नाही. गोंधळ्याचं तुणतुणं आठवा. पोकळ लाकडी नळकांडं, खालच्या तोंडाला ताणलेलं कातडं, बाजूला कांब, कांबीच्या टोकाला खुंटी, आणि कातड्यातून निघून खुंटीला गुंडाळलेली एकच तार. त्या तारेनं थेट कातडं हलतं. मध्ये फळी नाही, सजावट नाही. म्हणून एवढंसं तुणतुणं संबळाच्या कडकडाटातही ऐकू येतं आणि रात्रभर गोंधळ्याला षड्ज धरून देतं. पडद्याला तार जोडून आवाज मोठा करायची ही युक्ती आहे. अमेरिकेत रेझोनेटर बनवताना कातड्याच्या जागी धातू आला, एवढाच फरक. राजारामबापू कदमांसारखे गोंधळी ज्या परभणीत गायले, तिथल्या माणसानं रेझोनेटर पाहून ‘हे काय विलायती’ असं म्हणायचं कारण नाही. आमच्या लहानपणी उरुसात आणि जत्रेत बांबूच्या काडीची, मातीच्या वाटीवर कागद ताणलेली सारंगी मिळायची. काही आण्यांचं ते खेळणंही प्रामाणिक होतं. तार कागद हलवायची, कागद वाजायचा. साडेअकरा हजारांच्या त्या गिटारीत तेवढाही प्रामाणिकपणा नव्हता.

स्वस्त म्हणजे हलकं, असं मानणाऱ्यांनी या वाद्याचा जन्म एकदा समजून घ्यावा. १९२० च्या दशकात अमेरिकेत गिटारवाल्यांची एक अडचण होती. बँडमध्ये पितळी वाद्यं वाजू लागली की गिटार बुडून जायची, आणि विजेची गिटार अजून यायची होती. जॉर्ज बीचम हा स्टील गिटार वाजवणारा कलावंत मोठ्या आवाजाची गिटार शोधत जॉन डोपिएराकडे गेला. डोपिएरा स्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला कारागीर. त्यानं जर्मन सिल्व्हरच्या पेटीत ६ इंचांचे तीन ॲल्युमिनियमचे कोन बसवले आणि त्यांवर टी आकाराची घोडी ठेवली. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसला नॅशनल कंपनी उभी राहिली. तीन कोनांचं ते वाद्य देखणं होतं आणि महाग होतं.

यानंतर जे झालं ते परभणीच्या गिऱ्हाइकानं लक्षात ठेवावं. १९२८ मध्ये डोपिएरा त्या कंपनीतून बाहेर पडला, आणि भावांनी मिळून डोब्रो काढली. हे नाव ‘डोपिएरा ब्रदर्स’वरून आलं; स्लाव्ह भाषांत ‘डोब्रो’ म्हणजे चांगलं. डोब्रोत त्यांनी वाटीसारखा एकच मोठा कोन बसवला आणि त्यावर आठ पायांचा, कोळ्यासारखा दिसणारा ओतीव सांगाडा ठेवला, ज्याच्या मधोमध घोडी बसते. पेटी लाकडाची केली, तीही प्लायवुडची. म्हणजे वाद्य शोधणाऱ्या माणसानंच वर्षभरात त्याचं स्वस्त रूप बनवलं, आणि ते इतकं खरं होतं की पुढं ब्लूग्रास संगीतातही त्याच डोब्रोनं आपली जागा केली. नॅशनलनंही मागं न राहता एका कोनाच्या गिटारी काढल्या. मंदीच्या काळात तर साध्या पोलादी पत्र्याची, रंग मारलेली ड्युओलियन आली. सन हाउस, बुका व्हाइट यांसारख्या मिसिसिपीच्या ब्लूज गायकांच्या हातात नॅशनलच्या असल्याच पोलादी गिटारी दिसतात. या वाद्याची जी गाणी जग अजून ऐकतं, त्यातली कितीतरी स्वस्त गिटारींवर वाजलेली आहेत. त्या गिटारी स्वस्त होत्या पेटीत आणि रंगात. कोन खरा होता.

हाच नियम मी आजही लावतो. पैसे वाचवायचे तर पेटीत वाचवा, रंगात वाचवा, नक्षीत वाचवा. कोनात आणि दांडीत एक रुपयाही वाचवू नका.

आता सरळ सांगतो, दुकानात काय बघायचं. मला हे तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझीही दोन वर्षं वाचली असती.

पहिली गोष्ट, कोन आहे का. जाळीच्या भोकांतून मोबाईलची बॅटरी मारा. आत ॲल्युमिनियमची उतरती, चक्रावर ओढल्यासारख्या बारीक वलयांची भिंत दिसली पाहिजे. लाकूड दिसलं तर तिथूनच मागं फिरा. मग पत्र्यावर नाही, घोडीवर बोटाच्या पेरानं हलकं टकटक करा. कोन असेल तर पातळ डबा वाजावा तसा मोकळा नाद येतो. ठोकळ्यासारखा ‘ठक’ असा आवाज आला तर घोडीखाली कोन नाही. शक्य असेल तर दुकानदाराला पत्रा उघडायला सांगा. चांगला कोन हातात घेतला की वजन जाणवत नाही इतका हलका असतो. दाबून साच्यात काढलेला जाड कोन जड असतो आणि त्याचा आवाज कोंडल्यासारखा अडकतो. कोन पेटीत चिकटवलेला नसतो. तो एका कडेवर नुसता बसवलेला असतो आणि तारांच्या ताणानं जागच्या जागी धरला जातो. म्हणून तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला, नाहीतर कोन सरकतो आणि दुसऱ्या दिवशी खरखर सुरू होते. पिशवीवर सामान ठेवू नका. एस. टी.च्या टपावर तर गिटार कधीच टाकू नका. पत्रा दबला की कोन चेपतो.

दुसरी गोष्ट, कोणता कोन. स्वस्तात दोन प्रकार मिळतात. एकात कोन टोक वर करून बसवलेला असतो आणि टोकावर लाकडाची बिस्किटाएवढी चकती असते. त्याला बिस्किट म्हणतात, साडेनऊ इंचांचा असतो. त्याचा आवाज झटकन उठतो आणि झटकन विरतो, भुंकल्यासारखा. बोटानं छेडून ब्लूज वाजवणाऱ्याला तो लागतो. दुसरा म्हणजे डोब्रोचा वाटीसारखा, साडेदहा इंचांचा, कोळ्याच्या सांगाड्याचा, ज्याला स्पायडर म्हणतात. त्याचा स्वर लांब टिकतो. ज्याला मींड घ्यायची आहे, एका आघातात तीन-चार स्वर ओढायचे आहेत, त्यानं स्पायडरच घ्यावा. बिस्किटावर मींड अर्ध्या वाटेत मरते. तीन कोनांचं वाद्य सगळ्यांत गोड आणि लांब टिकणारं, पण पहिल्या वाद्यासाठी त्याच्या मागं लागू नका.

तिसरी गोष्ट, दांडी. चौकोनी दांडीची रेझोनेटर मांडीवर ठेवूनच वाजते. तिच्या तारा दांडीपासून इतक्या उंच असतात की बोटानं पडद्यावर दाबता येत नाहीत. गोल दांडीची गिटार धरून वाजते. तुम्ही कांडीनं वाजवणार असाल तर पडद्यांच्या कारागिरीला पैसे मोजू नका, कारण तार पडद्याला लागतच नाही. पडदे तिथं फक्त खुणा आहेत. चौकोनी दांडी मात्र सरळ आणि मजबूत हवी. डोब्रोवाले मांडीवरच्या गिटारीत सहा तारा जाड-बारीक क्रमानं सा-ग-प-सा-ग-प अशा लावतात. हा ताण गोल दांडीला सोसत नाही, कारण त्यात सहावी तार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर आणि पाचवी दोन अर्धस्वर वर चढते. म्हणून गोल दांडीवर सा-प-सा-ग-प-सा लावा. त्यात एकही तार नेहमीपेक्षा वर जात नाही. राग वाजवायचा असेल तर गांधाराच्या तारा काढून तिथं योग्य जाडीच्या तारा घालून षड्ज-पंचमाला आणा. यमन आणि मालकंस एकाच ठरलेल्या जुळणीवर वाजवू बघणाऱ्याला सारखा नको तो गांधार ऐकावा लागतो.

चौथी गोष्ट, आपली हवा. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीत कृषी विद्यापीठाच्या आवारात तोच पारा ५ अंशांखाली गेलेला आम्ही पाहिला आहे. त्यात पावसाळ्याची ओल. जे लाकूड असं तापतं आणि गारठतं ते फाटतं. म्हणून ‘आख्ख्या लाकडाची पेटी’ म्हणून जास्तीचे पैसे सांगितले तर देऊ नका. रेझोनेटरमध्ये आवाज कोनातून येतो, पेटीला फार थोडं काम असतं, आणि प्लायवुड आपल्या हवेत आख्ख्या लाकडापेक्षा जास्त वर्षं टिकतं. डोपिएरा भावांनीही प्लायवुडच वापरलं होतं. पत्र्याची पेटी तापल्यावर सुरातून उतरते. ती घेतली तर खिडकीच्या उन्हात ठेवू नका, एवढंच.

पाचवी गोष्ट, खुंट्या आणि घोडी. प्रत्येक खुंटी फिरवून बघा. अडखळते का, मागं सुटते का. घोडीचा वरचा तुकडा कठीण लाकडाचा हवा. मऊ लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असेल तर तो बदलून घ्या, खर्च थोडा येतो आणि आवाजात फरक मोठा पडतो. स्पायडरच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो जास्त आवळला तर आवाज बारीक होतो, सैल सोडला तर खरखर येते. हा स्क्रू दुकानातच जुळवून घ्या. मग प्रत्येक तार प्रत्येक जागी एक-एक मिनिट वाजवा. घाई करणाऱ्या दुकानदाराला थांबायला सांगा. पैसे तुमचे आहेत.

आणि सहावी गोष्ट, कदाचित सगळ्यांत महत्त्वाची. ज्याच्याकडे खऱ्या कोनाच्या गिटारीइतके पैसे नाहीत त्यानं रेझोनेटर घेऊच नये. जुनी, चांगल्या दांडीची साधी गिटार घ्यावी. एक धातूची पट्टी मिळते, ती दांडीच्या खुंट्यांकडच्या टोकाला बसवली की तारा उंच होतात आणि गिटार मांडीवर वाजू लागते. पट्टी आणि स्टीलची कांडी मिळून काही शे रुपयांचं काम. आवाज रेझोनेटरइतका मोठा येणार नाही. पण तार काय हलवते या प्रश्नाचं उत्तर ती गिटार खरं देईल.

आता त्यांच्याकडे वळतो, ज्यांच्यामुळे हे लिहावं लागलं.

पत्रा ठोकून विकणारे. त्यांनी काय केलं ते त्यांना माहीत आहे. घोडीखाली कोन नसताना ‘रेझोनेटर’ लिहून विकणं म्हणजे दुधात पाणी घालणं नाही, पाण्याला दूध म्हणणं आहे. आणि बाहेरगावच्या मोठ्या शहरातली काही दुकानं ओळखतात की हे गिऱ्हाईक मराठवाड्यातून आलं आहे, परत भांडायला येणार नाही, कारण गाडीभाड्याला पाचशे रुपये जातील. ही हिशेबानं केलेली लूट आहे. ती करणाऱ्याला मी व्यापारी म्हणणार नाही.

दुसरे, शाळा आणि संस्था. सांस्कृतिक विभागासाठी वाद्यं घ्यायची म्हटलं की तीन कोटेशनं मागवतात आणि सगळ्यांत कमी दराचं मंजूर करतात. वाद्य वाजवणारा एकही माणूस त्या कागदावर सही करत नाही. एका शाळेत मी सहा गिटारी पाहिल्या. सहाही कपाटात, सहाही दांडीतून वाकलेल्या. शाळेनं मुलांसाठी खर्च केला असं कागदावर लिहिलेलं आहे, आणि एकाही मुलानं त्यावर एक गत वाजवलेली नाही. खरेदीच्या समितीत एक वाजवणारा माणूस घ्यायला कोणत्याही नियमानं अडवलेलं नाही. तरीही तो घेतला जात नाही, कारण वाद्य वाजलं पाहिजे हे तिथं कुणाच्या लक्षातच नाही. तक्ता भरला पाहिजे, एवढंच लक्षात असतं.

तिसरे, आपण सगळे. गणपतीच्या मिरवणुकीत वर्गणीतले लाखो रुपये डीजेच्या भिंतीवर जातात. त्याच गल्लीत कुणाचा तरी मुलगा ढोलकी, हार्मोनियम, गिटार शिकतो आहे आणि त्याचं वाद्य मोडकं आहे. एका दिवसाच्या भाड्यात त्या गल्लीतल्या चार मुलांना खरी वाद्यं मिळाली असती. गोंधळ्याच्या तुणतुण्यापासून ते वारकऱ्याच्या वीणेपर्यंत, वाद्य म्हणजे माणसानं वाजवायची गोष्ट आहे, हे गंगाखेडच्या जनाबाईच्या या जिल्ह्याला मी काय सांगणार? पण आपण मोठा आवाज विकत घेतो आणि वाजवणाऱ्याला विसरतो. मला याचा राग येतो.

आणि चौथे, जाणकार. ‘हे विलायती वाद्य, आपल्या रागदारीला काय कामाचं’ असं म्हणणारे. एके काळी हार्मोनियमलाही हेच ऐकावं लागलं होतं; आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं त्या पेटीला दार बंद ठेवलं, आणि तरी गावोगावच्या कीर्तनात आणि संगीत नाटकात पेटीच वाजत राहिली. गिटार मांडीवर घेऊन कांडीनं वाजवायची रीत हवाईतून आली हे खरं. १९४० च्या दशकात ताऊ मो आणि त्यांचं कुटुंब कलकत्त्यात राहिलं, तिथं ती रीत मुरली. व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतं त्या गिटारीवर घरोघरी पोचवली. आणि ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच गिटारीवर राग वाजवला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ झालं, त्यात काबरांची गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफा आणि चिकारीच्या तारा जोडून मोहन वीणा केली आणि राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. कांडीनं ओढलेली मींड आपल्याला का आवडते? कारण आपल्या विचित्र वीणेवरही ती वाजते. आपल्या गळ्यात जे आहे तेच या वाद्यात आहे. त्याला विलायती म्हणून मुलाच्या हातातून काढून घेणाऱ्यांनी त्याच्या हातात दुसरं काय दिलं, हे आधी सांगावं.

याच जाणकारांपैकी काही जण उलट टोकाला जातात. ‘परदेशी कंपनीचंच घ्या, नाहीतर हात लावू नका’ असं ते मुलाला सांगतात. त्यांना मी विचारतो, तुम्ही शिकलात तेव्हा तुमच्या हातात काय होतं? मिरजेच्या सतारमेकर कुटुंबांनी जे तंबोरे आणि ज्या सतारी पिढ्यान्‌पिढ्या केल्या, त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात भोपळा, तबली, जवारी यांवर जे प्रामाणिक काम होतं, ते किमतीच्या चिठ्ठीवरून होत नाही. घोडीवरची जवारी घासणारा कारागीर कान लावून घासतो. तोच कान रेझोनेटर विकणाऱ्याकडे मागा, आणि मग किंमत ठरवा. किंमत आधी ठरवून कान मागून शोधणारा माणूस मुलाचं नुकसान करतो, तो वाजवणारा असला तरी.

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या साध्या आहेत. वाद्य विकणाऱ्यानं गिऱ्हाइकासमोर पत्रा उघडून दाखवावा; जो दाखवत नाही त्याच्याकडून कुणीही घेऊ नये. शाळेनं आणि संस्थेनं वाद्य घेताना वाजवणाऱ्याची सही घ्यावी. आणि आई-वडिलांनी दुकानात जाताना खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर न्यावा, आणि सोबत कुणीतरी वाजवणारं न्यावं, मग ते शेजारचं भजनी मंडळातलं का असेना. तार काय हलवते, हे त्याला कळतं.

त्या मुलाची गिटार मी परत जोडली नाही. ती जोडण्यासारखी नव्हती. माझ्याकडची एक जुनी साधी गिटार होती, दांडी चांगली, रंग उडालेला. तिला पट्टी बसवली, सा-प-सा-ग-प-सा लावली, मुलाच्या मांडीवर ठेवली, हातात कांडी दिली. पहिल्या तारेवर षड्ज, मग कांडी न उचलता हळू पंचमाकडे. पहिल्या दोन वेळा खाली राहिला. तिसऱ्या वेळी पंचमावर बरोबर थांबला आणि स्वर टिकला. खोलीत खडखड नव्हती.

वडील दारात उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “म्हंजे पोराच्या बोटाचा दोष नव्हताच म्हणा.”